मयेच्या बाईंच्या फोनवर आमचा मंडप

आमचा धंदा मंडपाचा. डिचोलीच्या बाजारामागे गोदाम, आणि गोदामात वासे, कनाती, सतरंज्या, मोठाली भांडी, दोन भोंगे आणि लोखंडी खुर्च्या. खुर्च्यांना आमच्या घरात कोणी खुर्च्या म्हणत नाही, कदेलां म्हणतात. बिलावर मात्र मी 'चेअर' लिहितो. धंदा वडिलांनी सुरू केला. गोव्यात भाषेचा वाद पेटला होता त्या दिवसांत मी नुकताच त्यांच्या हाताखाली लागलो होतो. सभा मराठीवाल्यांची असो की कोकणीवाल्यांची, भोंगा आमचाच. सकाळी एका मैदानात एक बाजू गरजायची, संध्याकाळी दुसऱ्या मैदानात दुसरी, आणि दोन्हीकडचे लोक त्याच कदेलांवर बसून टाळ्या वाजवायचे. वडिलांना कोणी विचारलं, "तुमचं मत काय?" तर ते म्हणायचे, "कदेलां मोजून परत करा, एवढंच माझं मत." पुढे गोव्याचं वेगळं राज्य झालं, तेव्हा आनंदाच्या सभेलाही आम्हीच होतो.

लोखंडाच्या खाणी जोरात चालत होत्या तोवर आम्हाला कसली चिंता नव्हती. सुर्ल्याच्या एका ट्रकमालकाने मुलाच्या मुंजीला एवढा मोठा मंडप मागितला, की आम्हाला दुसऱ्याचे वासे भाड्याने आणावे लागले. तिकडच्या धुळीने पांढरं कापड दोन दिवसांत तांबूस व्हायचं. ते धुऊनही जायचं नाही. मग आम्ही पुढच्या लग्नाला तेच 'केशरी कापड' म्हणून लावायचो, आणि लोक रंगाचं कौतुक करायचे.

मग गार हवेचे हॉल आले. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं आणि म्हणायचं, "एकदा हॉल बघून येतो." हॉल बघायला गेलेला माणूस काही परत यायचा नाही.

अशा वेळी माझा मेव्हणा पुढे आला. बायकोचं माहेर पार्शाचं. तिचा हा धाकटा भाऊ म्हापशाला कॉम्प्युटरचा कोर्स करून बसला होता, आणि शिकलेलं कोणावर तरी वापरायचं म्हणून त्याचे हात शिवशिवत होते. एका रविवारी जेवता जेवता तो म्हणाला, "भावजी, आपण वेबसाईट करूया."

त्या वेळी मोबाईल नुकते खिशात आले होते. इंटरनेट बघायचं तर बाजारातल्या सायबर कॅफेत जावं लागे.

"ती लावणार कुठं?" बायकोने विचारलं. तिला वाटलं, पाटी.

"इंटरनेटवर."

"तिथं कोण बघणार?"

"सगळं जग बघणार, ताई."

"जगाला डिचोलीचा मंडप कशाला हवा?"

मेव्हण्याने तिच्याकडे दुर्लक्ष केलं, आणि मीही केलं. आम्ही दोघे रोज संध्याकाळी कॅफेत जाऊन बसू लागलो. पहिला प्रश्न आला भाषेचा. बोलतो आम्ही कोकणी, पेपर वाचतो मराठी, आणि पैसे मागतो इंग्रजीत. मी म्हटलं, मराठीत करूया, आपलं गिऱ्हाईक तेच वाचतं. मेव्हण्याने मराठीत सुंदर मजकूर टाकला. त्याच्या कॉम्प्युटरवर तो छान दिसायचा. शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडला की नुसते चौकोन आणि डोळे वटारलेली चिन्हं. तो म्हणाला, "हा फॉन्टचा प्रॉब्लेम." शेवटी इंग्रजीत झाली. त्या इंग्रजीत आम्ही उत्तर गोव्यातले एकमेव, अत्याधुनिक, जागतिक दर्जाचे वगैरे होतो. वाचून मला स्वतःचीच भीती वाटली.

पहिल्या पानावर त्याने एक महाल टाकला. सोनेरी मंडप, कमानी, गुलाबाच्या पायघड्या, दोन्ही बाजूंना सजवलेले हत्ती. "हा कोणाचा?" मी विचारलं. "इंटरनेटवरून घेतला. सगळे तेच करतात." पान उघडलं की सनई सुरू व्हायची आणि ती बंद करायची सोय नव्हती. खाली भेट देणाऱ्यांचा आकडा. तो शून्यापासून सुरू केला तर बरं दिसत नाही म्हणून मेव्हण्याने बऱ्याच हजारांपासून सुरू केला. दुसऱ्या पानावर वडिलांचा जीवनप्रवास. तिसऱ्यावर देवांचे फोटो. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, आमच्या गोदामाच्या फोनचा नंबर.

मग आम्ही वाट बघत बसलो. फोन वाजेना. मी आठवड्यातून एकदा कॅफेत जाऊन साईट उघडायचो. सनई वाजली की सगळा कॅफे माझ्याकडे वळून बघायचा. आकडा मात्र वाढलेला असायचा. मी घरी येऊन सांगायचो, "लोक बघतायत हां."

बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, "तुम्ही जाता म्हणून वाढतो तो आकडा. एक आठवडा जाऊ नका, मग बघा."

मी एक आठवडा गेलो नाही. आकडा तरी वाढला. मी खूश झालो, पण फोन काही येईना, हे कोडं सुटेना. एवढे लोक बघतात आणि एकालाही मंडप नको?

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी गोदामाच्या दारात रिक्षा थांबली आणि एक बाई उतरल्या. पांढरी साडी, निळे काठ, हातात छत्री, चष्म्यातून बघणं असं की मी आपोआप उठून उभा राहिलो. मागे आमचा मुकादम सतरंज्या झटकत होता. तो चंदगडकडचा, सहसा कोणाला घाबरत नाही, तोही थांबला.

"मंडपवाले तुम्हीच का?"

"होय."

"मग तुमचे फोन मी का उचलते?"

मला काही कळलं नाही. बायकोने आतून कदेल आणून त्यांना बसवलं, पाणी दिलं. बाई मये गावच्या. आयुष्यभर मराठी शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्याला, मुलगी त्याहून लांब, घरात एकट्या. त्यांच्या घरच्या फोनवर गेले कित्येक महिने मंडपाची चौकशी येत होती. फोन करणाऱ्यांकडून आमचं नाव कळलं, तेच बाजारात विचारत त्या इथवर आल्या होत्या. त्यांनी पर्समधून आपला नंबर काढून दाखवला. आमच्या नंबरात शेवटी सहा, त्यांच्या नंबरात शेवटी नऊ. बाकी सगळं सारखं.

मेव्हण्याला बोलावून घेतलं. तो आला, कॅफेत धावला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. साईटवर नऊ होता.

"तू एकदाही तो नंबर फिरवून बघितला नाहीस?" बायकोने विचारलं.

"आपलाच नंबर कोण फिरवून बघतो, ताई?"

"आणि तुम्ही?" ती माझ्याकडे वळली. मी मुकादमाकडे बघितलं. तो पुन्हा सतरंज्या झटकू लागला.

"सुरुवातीला मी 'राँग नंबर' म्हणून ठेवून द्यायची," बाई म्हणाल्या. "पण लोक पुन्हा पुन्हा लावायचे. एक म्हणाला, बाई, मग बरोबर नंबर काय? मला काय ठाऊक? गृहस्थ अगदी रडकुंडीला आलेला, घरात लग्न. मग मी म्हटलं, बाबा, तुला काय हवंय ते तरी सांग. तेव्हापासून उत्तरं देतेय."

"उत्तरं?" मी म्हटलं. "कसली?"

"जी विचारतील ती. मंडप केवढा लागेल, हे माणसांवरून काढता येतं. शाळेचं स्नेहसंमेलन मी इतकी वर्षं केलंय. एकाला म्हटलं, मे महिन्यात दुपारी मुंज करू नकोस, म्हातारी माणसं घेरी येऊन पडतील. एका बापलेकांचं भांडण होतं, बापाला अंगणात मंडप हवा, मुलाला हॉल. दोघांशी सविस्तर बोलले. शेवटी त्यांचा हॉल ठरला."

"हॉल ठरला?" माझा आवाज चिरकला.

"त्यांचं अंगण उतारावर होतं हो. तिथं मंडप बरा दिसला नसता."

बायको पदराआड हसत होती. बाई पुढे म्हणाल्या, "आणि ती सनई आधी बंद करा. एका माणसाने कचेरीत बसून तुमचं पान उघडलं. साहेब समोर. आता तो म्हणतो, लग्न करीन पण तुमच्या मंडपात नाही."

मेव्हण्याने मान खाली घातली.

"असो," बाई म्हणाल्या. "मी आले ते वेगळ्या कामासाठी. मोरजीच्या एका गृहस्थाला मी होय म्हटलंय. मुलीचं लग्न झालंय, स्वागत समारंभ करायचाय. समुद्रावर. त्याने तुमच्या पानावरचा महाल बघितला. विचारलं, असाच उभा कराल का? मी म्हटलं, महाल होईल, हत्तीचं विचारून सांगते."

मी कदेलावर बसलो.

"बाई, तुम्ही होय कसं म्हटलंत?"

"अहो, तुमच्याकडे आहे म्हणूनच फोटो लावलाय ना? नसलेली वस्तू कोण कशाला दाखवील?" त्या उठल्या. "दाखवा बघू. मला महाल बघायचाय."

बायकोने किल्ल्या घेतल्या आणि शांतपणे आतलं दार उघडलं. बाई आत गेल्या. वासे बघितले, गुंडाळलेल्या कनाती बघितल्या, केशरी कापड बोटाने चाचपून बघितलं. कदेलांच्या थप्पीपाशी थांबल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी मेव्हण्याला विचारलं, "महाल कुठाय?"

"बाई, तो बहुतेक राजस्थानात," मेव्हणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोरजीला निघालो. नुसतं 'जमणार नाही' असं फोनवर सांगून मोकळं होता आलं असतं, पण बाई म्हणाल्या, "शब्द माझा गेलाय, मी समोर जाऊन सांगणार." टेम्पोत पुढे बाई आणि बायको, मागे मी, मेव्हणा आणि मुकादम. शिवोलीचा पूल ओलांडेपर्यंत बाईंनी ड्रायव्हरला दोनदा हळू चालव म्हणून सांगितलं आणि एकदा त्याचं शिक्षण किती झालंय ते विचारलं.

मोरजीचे गृहस्थ उमदे. उमेदीची वर्षं बोटीवर काढून गावी परत आलेले, समुद्राला लागून चार खोल्या बांधून पाहुण्यांना भाड्याने द्यायचे. आम्हाला बघून त्यांना फार आनंद झाला. "बाई कोण तुमच्यातल्या?" त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं. "फोनवर यांनी मला एवढा धीर दिला, की मी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही."

माझ्या मनात आलं, आता या माणसाला खरं कसं सांगायचं. पण त्यांनीच आम्हाला वाळूवर नेलं आणि तिथं आमचं तोंड आपोआप बंद झालं. जिथं मंडप हवा होता तिथून जरा अंतरावर जाळीचं कुंपण घातलं होतं, एक छोटी पाटी होती आणि वनखात्याचा एक रखवालदार छत्रीखाली बसला होता. समुद्रातून कासवीण येऊन अंडी घालून गेली होती. रखवालदार नम्रपणे म्हणाला, "वाळूवर मंडप नको, दिवे नको, भोंगा तर नकोच. उजेड बघून पिल्लं समुद्र सोडून भलतीकडे चालायला लागतात."

आमच्याकडे मुख्य माल कोणता? दिवे आणि भोंगा.

गृहस्थ डोक्याला हात लावून बसले. "परवापर्यंत इथं काही नव्हतं. सगळ्यांना समुद्रावर म्हणून सांगून ठेवलंय."

तेव्हा बाई पुढे झाल्या. "हे बघा, आधी माझं ऐका. तो महाल यांचा नाही. फोटो दुसऱ्याचा, हत्तीही दुसऱ्याचे. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी होय म्हटलं. तुम्हाला हवं तर आत्ता नाही म्हणा."

गृहस्थ मोठ्याने हसले. "अहो बाई, हत्ती नाहीत ते बरंच झालं. माझी बायको तीन दिवस विचारतेय, हत्तींना बांधायचं कुठं आणि खायला काय घालायचं."

मग आम्ही घराच्या मागे गेलो. तिथं माडांची छान सपाट जागा होती. घर मधे आल्यामुळे इकडचा उजेड समुद्राकडे जाणार नव्हता. उरलेल्या फटीला काय लावायचं यावर बायको म्हणाली, "पार्शाहून विणलेली चुडतं आणूया. बाबांकडे पावसासाठी करून ठेवलेली आहेत." माडाची झावळी विणून केलेल्या त्या पडद्यातून उजेडाची तिरीपही बाहेर जात नाही.

मुकादमाला हे पटेना. "मालक, समुद्राकडं पाठ करून मंडप घालायचा? पाव्हणं समुद्र बघायला आल्यात की."

"समुद्र जेवणाआधी बघतील," बाई म्हणाल्या. "तुम्ही खड्डे घ्यायला लागा."

तो लगेच खड्डे घ्यायला लागला. माझं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

समारंभाच्या दिवशी दुपारपासून आम्ही तिथं. केशरी कापड, चुडतांच्या भिंती, खालच्या बाजूला मंद दिवे, मधे माडांची खोडं तशीच ठेवून त्यांना झेंडूच्या माळा. खरं सांगतो, मंडप बरा झाला होता. मोरजीचे लोक आले, नवऱ्या मुलाकडचे पेडण्याचे आले, खोल्यांत उतरलेले रशियन पाहुणेही नवे कपडे घालून आले आणि सगळ्यांना हात जोडून नमस्कार करत सुटले.

अडचण एकच. भोंगा नाही, माईक नाही. शे-दोनशे माणसांत कोणाला कुठं जायचं ते कळेना. पहिली पंगत कोणाची, आहेर कुठं, वधूवरांना भेटायची रांग कुठून, सगळा गोंधळ. आम्ही घसा फोडून ओरडत होतो, कोणी लक्ष देईना. गृहस्थ घामाघूम.

तेव्हा बाई एका कदेलावर चढल्या. मी पुढे होऊन कदेल धरलं. त्यांनी एकदा चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "शांतता!"

मी आयुष्यभर भोंगे भाड्याने दिले, पण असा आवाज ऐकला नाही. लोक जागच्या जागी उभे राहिले. मराठी न कळणारे रशियनसुद्धा. एकाने हातातला पेला खाली ठेवला. बाईंनी सांगितलं, मुलंबाळं असलेल्यांची पहिली पंगत, वयस्करांनी उजवीकडच्या खुर्च्यांवर बसावं, रांग डावीकडून. सगळं तसंच झालं.

एवढ्यात चुडतांच्या भिंतीआडून वनखात्याचा रखवालदार धावत आला. "भोंगा नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"भोंगा नाहीय," मी म्हटलं. "बाई आहेत."

त्याने कदेलावर उभ्या असलेल्या बाईंकडे बघितलं, डोकं खाजवलं आणि हात जोडून म्हणाला, "बाई, जरा हळू बोलाल? अंडी आहेत तिथं." बाई ओशाळल्या. तेवढ्याच एका वेळी मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं. बायकोने रखवालदाराला आग्रहाने जेवायला वाढलं.

मेव्हणा नवा कॅमेरा घेऊन आला होता. आता साईटवर आपलेच फोटो टाकायचे असं त्याने मनावर घेतलं होतं. घरी येऊन बघतो, तर संध्याकाळचे सगळे फोटो काळेकुट्ट. मंद दिवे कासवांना बरे, कॅमेऱ्याला नाही. दुपारचे थोडे निघाले: मुकादम वाशावर चढून दोरी आवळतोय, बायको झेंडूच्या माळा सोडवतेय, आणि मागे अर्धा झालेला केशरी मंडप माडांमध्ये उभा. मेव्हणा नाराज झाला. बायको म्हणाली, "हाच टाक. बघणाऱ्याला कळेल तरी की आपण हाताने काम करतो."

पण टाकायचा कुठे? साईटवरच्या नऊचा सहा करायला गेलो तर कळलं, की साईटचं नाव मेव्हण्याने आपल्या कोर्समधल्या मित्राच्या नावावर घेतलं होतं, किल्लीचा शब्द, म्हणजे पासवर्डही त्याच्याकडेच, आणि मित्र मस्कतला. तो फोन उचलेना. म्हणजे फोन अजून बाईंनाच जात होते. त्या रोज संध्याकाळी आम्हाला फोन करून हिशेब द्यायच्या: आज दोन लग्नं, एक बारसं, आणि एकाला मी रागावले.

एके दिवशी म्हणाल्या, "मागे मंडपासाठी फोन केलेला एक आज विचारत होता, तुमच्या पानावर आता केस उगवायचं तेल दिसतंय, ते घरपोच देता का? तुम्ही हा धंदा कधी सुरू केलात?"

माझ्या डोक्यावर तेव्हाही केस बेताचेच होते. मी कॅफेत धावलो. साईट उघडली. सनई नाही, महाल नाही, वडिलांचा जीवनप्रवास नाही. एका टकल्याचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. साईटच्या नावाचे वर्षाचे पैसे मित्राने भरले नव्हते. ते नाव दुसऱ्याच कोणी उचललं होतं.

मला वाईट वाटलं, बायकोला नाही. ती म्हणाली, "सुटलो. आता नवी करा, आणि नाव माझ्या नावावर घ्या. मी मस्कतला जाणार नाही."

नवी साईट बाईंच्या समोर बसून झाली, मयेला त्यांच्या घरी, कागदावर. मेव्हण्याने मजकूर लिहून आणला होता. बाईंनी लाल पेन काढलं. 'एकमेव' कापलं. 'अत्याधुनिक' कापलं. 'जागतिक' वाचून मेव्हण्याकडे नुसतं बघितलं; त्याने तो शब्द स्वतःच कापला.

"लोक काय विचारतात ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "फोन मी घेतलेत. पहिलं विचारतात, तुम्ही आहात कुठं. मग, आमच्या गावाला येता का. मग, किती माणसांना पुरेल आणि साधारण किती पडेल. मग, पाऊस आला तर. तुमच्या वडिलांचा जीवनप्रवास अजून एकानेही विचारलेला नाही."

"पण बाई, वडील..." मी म्हणालो.

"ठेवा की. शेवटी ठेवा, चार ओळी. घरात आलेल्याला आधी बसायला द्यावं, पाणी द्यावं. वंशावळ जेवणानंतर."

भाव लिहायचा की नाही यावर आमचं बरंच वाजलं. मी म्हणत होतो, भाव दिसला की गिऱ्हाईक पळतं. बाई म्हणाल्या, "पळणारं पळू दे. माझा दुपारचा एक तास वाचेल." शेवटी 'इतक्या माणसांना साधारण इतके' असा एक तक्ता झाला. नंबर पहिल्या पानावर, वरती, मोठ्या अक्षरांत. मराठीही आली, तोवर मेव्हण्याला न बिघडणारे फॉन्ट सापडले होते. कॅफेत जाऊन साईट चढवली तसं बायकोने तिथंच, सगळ्यांसमोर, त्यावरचा नंबर स्वतःच्या मोबाईलवरून फिरवला. आमच्या गोदामातला फोन वाजला आणि मुकादमाने उचलला. "हॅलो, मालक नाहीत," तो म्हणाला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

हळूहळू फोन येऊ लागले. फार नाही, पण येत होते, आणि विचारून झालं की 'हॉल बघून येतो' म्हणणारे कमी झाले. मुकादमाचा वाशावरचा फोटो लोकांना आवडला. एकीने तर विचारलं, हेच गृहस्थ येणार ना?

महिनाभराने बायको म्हणाली, "बाईंचा संध्याकाळचा फोन येत नाही हल्ली."

"आता कशाला येईल? त्यांची कटकट संपली."

तिने बाईंचा नंबर लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला, "बोला, मंडप."

बायकोने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग हात काढून म्हणाली, "बाई, मी बोलतेय. एक विचारायचं होतं. आम्ही दोघं कामावर गेलो की फोन घ्यायला कोणी नसतं. मुकादम फक्त मालक नाहीत म्हणून सांगतो. साईटवर दुसरा नंबर तुमचा घालू?"

मग बाई करारीपणे म्हणाल्या, "घाला. पण दोन ते चार मी झोपते. ते स्पष्ट लिहा. आणि रविवारी नाही. रविवारी मुलाचा फोन येतो."

मेव्हण्याने तसं लिहिलं. वेळ लिहिल्याने भलत्या वेळी येणारे फोनही बंद झाले, हे आम्हाला नंतर कळलं.

परवाच एक जोडपं गोदामात आलं, साखळी गावचं. मी माणसांचा आकडा विचारला. नवऱ्याने सांगितला. त्याची बायको म्हणाली, "नाही हो, बाईंनी कमी करायला सांगितलेत." मग दोघे तिथंच, आमच्या कदेलांवर बसून, कोणाला वगळायचं यावर भांडू लागले. मी वासे मोजायला आत गेलो.